पाय धरले

माझ्या भावाचे पाय धरले त्या दिवशी रविवार होता. कॉलेजच्या मैदानावर कुस्त्या होत्या. केशव आखाड्यात उतरला. त्यानंतर तो काठीवाचून चालला नाही.

तो आता नाही. गेल्या पावसाळ्यात वारला. भेटायला आलेली माणसं ओसरीवर बसून ढालीबद्दल बोलत होती. तुमचा भाऊ त्या संघात होता म्हणे, ज्याने नागपूरला नमवलं, असं कोणी म्हणालं. मी चहा दिला. ती ढाल कशी मिळत होती आणि तिच्यासाठी आमच्या घरात काय शिजत होतं, हे त्या दिवशी तोंडातून निघालं नाही. मला बोलण्यापेक्षा लिहिण्याची सवय जास्त, म्हणून लिहिते.

विद्यापीठातल्या कॉलेजांच्या कुस्त्या दर हिवाळ्यात व्हायच्या. ज्या संघाचे जास्त मल्ल जिंकतील त्याला पितळी पत्रा ठोकलेली ती लाकडी ढाल वर्षभर ठेवायला मिळायची. आमचं चांद्याचं कॉलेज नवं होतं. तोवर ढाल नागपूर-अमरावतीच्या कॉलेजांमध्येच फिरत असे. तिथे जुने आखाडे होते, खाती-पिती घरं होती. चांद्याची पोरं पहिल्यांदा गेली तेव्हा नागपूरकरांनी त्यांना ‘भातखाऊ’ म्हटलं आणि वजनकाट्यावर उभ्या असलेल्या एकाच्या पोटावर टिचकी मारून पाहिली, आत पेज वाजते का म्हणून. सगळे हरून आले. मग कॉलेजने उस्ताद ठेवले. त्यांचं खरं नाव कोणी घेत नसे. बुटके, रुंद, डोकं सरळ खांद्यावर ठेवल्यासारखे. हातात बांबूची कमची असायची, ती ते पाण्यात भिजवून ठेवत, म्हणजे ती मोडत नसे. त्यांच्या आखाड्यात हरलेल्याला पाणी मिळत नसे. हरलेला मातीत पालथा पडे आणि बाकीचे एकामागून एक त्याच्या पाठीवरून चालत जात, शेवटी स्वतः उस्ताद. “मी याईले इथी रडवतो, मंग तिथी कोनी रडवू शकत नाई,” असं ते प्राचार्यांना सांगत. प्राचार्य मान डोलवत, कारण ढाल आली होती. एकदा आली ती पुढच्या वर्षीही आली, आणि त्याच्या पुढच्याही. गावाच्या जटपुरा दरवाज्यातून बँड लावून मिरवणूक निघे. कुस्त्या चांद्यालाच असल्या तर हरलेल्या कॉलेजांची पोरं वळकट्या घेऊन स्टेशनकडे निघालेली असत. आमचे लोक त्यांच्या अंगावर माती उधळत.

केशव यात मागे नव्हता. तो गेला म्हणून त्याला चांगला करून लिहिणार नाही. वर्ध्याच्या एका पोराला त्याने असा दाबला की ते पोर दम लागून पाणी मागायला लागलं. केशवने त्याच्या उघड्या तोंडात मूठभर माती घातली. हे त्याने घरी येऊन हसत सांगितलं. मी म्हटलं, “काऊन केलं रे तसं?” तो म्हणाला, “त्यानं मागतलं, मी देलं. आता उस्तादनं पाठ थोपटली, तू कायले रडून राह्यली?” त्याच्या डोळ्यांत तेव्हा एक चमक असायची. ती मला आवडत नसे. पुढे ती गेली, तेव्हा मात्र ती परत यावी असं वाटत राहिलं.

आमचं घर महानुभावी. मांस, अंडं यांचं नावही घरात निघत नसे. बाबा कचेरीत कारकून होते आणि सिंदेवाहीला थोडी धानाची शेती होती. धान उभं असतानाच बांधीत, म्हणजे खाचरात, लाखोळीचं, लाखेच्या डाळीचं, बी फेकत. धान निघालं की ती उरल्या ओलीवर वाढे. त्या लाखोळीची डाळ आमच्या पानात क्वचित येई. ती गड्यांना दिली जाई, वर्षाच्या मजुरीत. झितरू नावाच्या गड्याचे पाय गेले होते. दोन काठ्यांवर, गुडघ्याला गुडघा घासत तो बांधापर्यंत येई आणि तिथे बसून कापणीवर लक्ष ठेवी. बाबा त्याच्या तोंडावर म्हणत, “सोंग हाय याचं. बसून खायाले पाह्यजे.” झितरू हसे. दुसरं काय करणार होता?

केशव कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना एका सकाळी उस्ताद घरी आले. चपला न काढता ओसरीवर चढले.

“पोट्ट्याच्या अंगात रग हाय, पन खुराक नाई,” ते बाबांना म्हणाले. “याले मटन द्या.”

“आमच्या घरात नाई चालत.”

“अंडे?”

“नाई म्हटलं न उस्ताद.”

“मंग बदाम द्या.” उस्ताद मोठ्याने हसले. “बदामाचं नाव काढलं का कारकुनाची दातखीळ बसली! जाऊ द्या. लाखोळी हाय न तुमच्या वावरातली? लाखोळी म्हंजे बिनमटनवाल्याचं मटन. भाजा, दळा, लाडू वळा. सकाळ, दुपार, संध्याकाळ तेच. भात बंद. वजनात राह्यला पाह्यजे तो.”

माय दाराआडून म्हणाली, “भाऊ, लाखोळीनं पाय जाते म्हनते न जी? आमचा झितरू...”

“बाई, ते गडीमानसाचे जाते. तो नुसती शिजवून खाते अन् वरून पेज पेते. तूप-गूळ पडला का तिचा वात मरते. गड्याचं पोट अन् आपलं पोट एक हाय का?”

हा शेवटचा प्रश्न बाबांना पटला. एरवी ते उस्तादांना मनातून हलके समजत. पण गड्याचं पोट आणि आपलं पोट वेगळं, यावर त्या दोघांचं एका क्षणात जमलं. मायची शंका दाराआडच राहिली. मी तेव्हापासून पुष्कळ पुस्तकं वाचली. त्या रोगाबद्दल डॉक्टरांनी लिहिलेलंही जमेल तेवढं वाचलं. ज्यांनी एवढी शाळा शिकली होती त्या बाबांनी, झितरू डोळ्यांसमोर असताना, हे का ऐकलं याचं उत्तर त्यात नव्हतं. ते त्या ओसरीवरच्या प्रश्नात होतं.

त्या पावसाळ्यापासून घरातले आवाज बदलले. पहाटे जातं सुरू होई. मायच्या जात्याची घरघर आणि अंगणात केशवच्या बैठकांचा धप-धप आवाज, दोन्ही एकमेकांत मिसळत. तुपात भाजलेल्या लाखोळीचा वास बेसनासारखाच, पण त्याला कच्च्या शेंगेसारखा एक उग्र शेवट होता. तो चादरींना, मायच्या लुगड्याला, माझ्या पुस्तकांनाही लागला. आम्ही भात, वरण, जवसाची चटणी खायचो. केशवसमोर पितळी ताटलीत लाडू. बाबांचा नियम होता की त्याने सगळ्यांच्या पंगतीतच बसायचं, उठून जायचं नाही. नव्या धानाचा भात शिजला की तो मान खाली घालून बसे. एकदा माझ्या ताटाजवळ वाकून त्याने वाफ नाकात ओढली. बाबांनी तांब्या उचलून त्याच्या पाठीत घातला. “वास घेतल्यानं बी वजन वाढते का?” केशवने विचारलं. माय हसली. बाबा हसले नाहीत, आणि तांब्यातलं सांडलेलं पाणी मला पुसायला सांगितलं.

मी त्या वर्षी त्याच कॉलेजात नाव घातलं होतं. खिडकीशी वाचत बसले की अंगणातून हाक यायची.

“ए पंडितीण, बैठका मोज न!”

“तुह्या तू मोज. मले परीक्षा हाय.”

“पुस्तकानं मांड्या भरतेत का?”

“मांड्यानं परीक्षा पास होते का?”

“माही तं होते. उस्तादनं प्राचार्याले सांगतलं का होते!”

त्याच्या मांड्या खरंच भरल्या होत्या. दिवाळीपर्यंत त्याला संघात त्याच्या वजनात तोड नव्हती. दिवाळीनंतर पिंढऱ्या ओढायला लागल्या. सकाळी खाटेवरून उतरताना तो भिंत धरी आणि काही पावलं ताठ टाके, मग सुटा होई. “पिंढऱ्या दगडावानी होऊन राह्यल्या,” तो मायला म्हणाला. मायने तेल गरम करून चोळलं. आखाड्यात त्याने हेच उस्तादांना सांगितलं. उस्तादांनी पिंढऱ्यांवर कमचीने वाजवून पाहिलं, म्हणाले, “कच्चं मडकं हाय. बैठका वाढव, लाडू वाढव.” दोन्ही वाढले.

त्या हिवाळ्यात कुस्त्या चांद्यालाच होत्या. कॉलेजच्या मैदानावर लाल माती टाकून आखाडा केला होता, तेल आणि हळद घालून. आम्ही थोड्या मुली इमारतीच्या वरच्या ओसरीवर बसलो होतो. तिथून सगळं दिसत होतं आणि ऐकूही येत होतं. सकाळी निघताना केशव मायला म्हणाला होता, “माय, आज पाय माह्ये नसल्यावानी लागून राह्यले.” ते बाबांनी ऐकलं. “आज हारला तं घरी येऊ नको,” ते म्हणाले आणि कोट घालून पुढे निघून गेले, कारण त्यांना पुढच्या खुर्च्यांत जागा हवी होती.

दुपार कलेपर्यंत नागपूर आणि आम्ही बरोबरीत आलो. केशवची कुस्ती शेवटची. ती जिंकली तर ढाल चांद्यात राहणार, हरली तर गाडीत बसून नागपूरला जाणार. समोरचा नागपूरचा मुलगा उंच, सडपातळ, जरासा घाबरलेला. सुरुवातीला केशवने त्याला मानेत धरून फिरवलं. मैदान उठून उभं राहिलं. उस्ताद आखाड्याच्या कडेला कमची आपल्याच मांडीवर आपटत ओरडत होते, “पाय धर! पाय धर बे केशा!” केशव वाकला, झेपावला आणि मध्येच थांबला. दोरी संपल्यावर गाय थांबते तसा. गुडघ्यांवर आला. दोन्ही हात मातीत टेकलेले. आणि त्याने तोंड उस्तादांकडे वळवून ओरडून सांगितलं, “पाय धरले! उस्ताद, पाय धरले!”

“धरले तं ओढ न बे!”

“नाई उस्ताद, पाय धरले!”

“ओढ मंग! सोडू नको!”

माणसं हसायला लागली. केशवच्या हातात कोणाचेच पाय नव्हते. नागपूरचा मुलगा तर दोन हात मागे उभा होता. “कोनाचे धरले बे, भुताचे?” खालून कोणीतरी ओरडलं, आणि हसू खुर्च्यांपर्यंत पसरलं. बाबाही तिथेच होते. कंबर धरते, मान धरते, तसे माझे पाय धरले, एवढंच तो सांगत होता. आमच्याकडे कुठल्याही घरात हे असंच सांगतात, आणि ऐकणारा लगेच तेल शोधायला उठतो. पण त्या मातीत त्या शब्दांचा एकच अर्थ होता, आणि तो उस्तादांनीच क्षणभर आधी त्याच्या कानात घातला होता. केशवला दुसरा शब्द सुचला नाही. तो तेच ओरडत राहिला आणि मैदान दर वेळी जास्त हसत राहिलं.

नागपूरच्या मुलाने पंचांकडे पाहिलं. पंचांनी हाताने ‘चालू’ अशी खूण केली. मग तो पुढे आला आणि त्याने एका हाताने केशवला ढकललं. केशव पाठीवर पडला. शिट्टी झाली. त्या मुलाने उठवायला हात पुढे केला, तो उस्तादांनी बाजूला सारला. “ऊठ. नाटक करू नको,” ते म्हणाले आणि पिंढरीवर कमची ओढली. कमची बसली की पाय झटका देऊन उडे. ते पाहून आमच्याच संघातलं एक पोर म्हणालं, “पाय तं चालते न उस्ताद याचे!” उस्तादांनी पुन्हा मारलं, पुन्हा पाय उडाला. केशव हातांच्या जोरावर उठायला गेला, चवड्यांवर आला, गुडघे एकमेकांत अडकले आणि तो तोंडावर पडला. पालथा पडला, आणि आखाड्याचा नियम तर ठरलेला होता. ते त्याच्या पाठीवरून चालत गेले. कॉलेजचा सबंध संघ, एकामागून एक, पाहुण्यांच्या देखत. प्राचार्य तेव्हा दुसऱ्या टोकाला नागपूरच्या संघाला ढाल देत होते आणि बँड वाजत होता. गणपत, केशवचा जोडीदार, जो आमच्या घरी येऊन ताक प्यायचा, तोही गेला. गणपतने पाऊल हलकं ठेवलं, असं केशव पुढे सांगायचा. मला वरून तो फरक दिसला नाही.

त्याला बैलगाडीत घालून घरी आणलं. बाबांनी त्याला घरी येऊ दिलं, पण घरात नाही. अंगणात खाट टाकायला लावली. “हारला म्हून लंगडून राह्यला,” ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. रोज सकाळी कचेरीला जाण्याआधी ते त्याला तुळशीपासून विहिरीपर्यंत चालायला लावत. पडला की उठेपर्यंत कोणी हात द्यायचा नाही. केशव विहिरीच्या काठाला धरून हुंदके देई आणि बाबा घड्याळ पाहत. “झितरूचं सोंग शिकून आला,” ते म्हणत. आणि अंगात अशक्तपणा आला म्हणून मायने लाडू वाढवले. सकाळी एक होता त्याचे दोन केले. ते ती स्वतःच्या हाताने त्याला भरवत होती, डोळ्यांतलं पाणी पुसत. हे लिहिताना मी थांबले होते. पुढचं दुसऱ्या दिवशी लिहिते आहे.

उस्ताद आले नाहीत. संघातलं कोणी आलं नाही. शेवटी बाबांच्या साहेबांनीच कधीतरी विचारलं, म्हणून बाबा त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. माय आणि मीही गेलो. डॉक्टर तरुण होते. त्यांनी गुडघ्याखाली रबरी हातोडी मारली, पाय लाथेसारखा उडाला. त्यांनी केशवला नाही, मायला विचारलं, “बाई, याला काय खायला देता?” माय अभिमानाने सांगायला लागली, तूप किती, गूळ कुठला. लाखोळीचं नाव आलं तसं डॉक्टरांनी हातोडी खाली ठेवली. किती दिवसांपासून, त्यांनी विचारलं. मग म्हणाले, आजपासून बंद. बाबांनी विचारलं, पाय कधी येतील? डॉक्टर म्हणाले, आहेत तेवढे राहिले तर नशीब. गेले ते येत नाहीत.

“आमी का गडीमानसं हाओ?” बाबा म्हणाले. डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. “हा झितरूचा रोग माह्या पोराले कसा होईन?”

घरी आल्यावर मायने लाडवांचा डबा आणि पिठाची कोठी अंगणात आणून ठेवली आणि त्यांच्याकडे पाठ करून बसली. मी म्हटलं, फेकून देते. बाबा म्हणाले, “फेकू नको. उद्या गाडी सिंदेवाहीले जाते. तिच्यासंगं पाठव. गड्याईले चालते.”

केशव खाटेवर होता. तो हसला. त्या रविवारनंतर पहिल्यांदा. “पाठवा न बाबा,” तो म्हणाला. “झितरूचे तं धरलेच हायेत. आता आनखीन कुठचे धरन?”

डबा गेला. कोठीही गेली. मायने स्वतः गाडीत चढवली. त्या घरात कोणीच ‘नको’ म्हटलं नाही.

पुढे बाबांनीच एक गोष्ट तयार केली. नागपूरच्या मल्लाने नियमाबाहेरचा डाव टाकला आणि केशवच्या पाठीचा कणा दुखावला. ही गोष्ट उस्तादांना सोयीची होती, कॉलेजलाही. दुसऱ्या वर्षी ढाल परत आली आणि उस्तादांनी मिरवणुकीत भाषण केलं की आम्ही आमच्या केशवचा बदला घेतला. मिरवणूक आमच्या गल्लीवरून गेली, गल्लीत आली नाही. कॉलेजला बरीच वर्षं झाली तेव्हा एक स्मरणिका निघाली. तीत कुस्तीचा इतिहास आहे, सलग विजयांचा, आणि मध्ये एका वर्षाच्या पराभवाला ‘प्रतिस्पर्ध्याच्या अखिलाडू वृत्तीमुळे’ असं कारण दिलं आहे. त्या उंच मुलाला हे कोणी वाचून दाखवलं नसेल अशी आशा आहे. हात पुढे करणारा त्या मैदानावर तो एकटाच होता.

केशवने पुढची सगळी वर्षं कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहिले. अक्षर त्याचं वाईट होतं, ते सुधारायला मी त्याला शिकवलं. रस्त्यावरची पोरं त्याच्यामागे त्याच्यासारखी टाचा उचलून, चवड्यांवर चालत. तो काठी उगारी, आणि नेम बरा असल्यामुळे कधी कधी लागेही. बाबांशी तो त्यांच्या शेवटापर्यंत बोलत राहिला, त्यांचं दुखणंही त्यानेच बसून काढलं. मायशी मात्र तो फारसं बोलू शकला नाही. ती ताट ठेवी, तो भात खाई, दोघं खाली पाहत. कदाचित तिने काही विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. तिने विचारलं नाही. दसऱ्याला सोनं द्यायला शेजारची मुलं येत आणि वाकत, तेव्हा तो पाय खाटेखाली ओढून घेई. “धरू नका गा पोट्टेहो,” म्हणे, “माह्ये आधीच धरले हायेत.” मुलं हसत, तोही हसे. मी शाळेत शिकवलं, निवृत्त झाले, त्याच घरात त्याच्याबरोबर राहिले. तो कधी कुस्ती पाहायला गेला नाही आणि कुस्तीला कधी वाईटही बोलला नाही. एकदाच, नको असताना मी विचारलं, तुला राग कोणाचा येतो? त्याने काठी खाटेला टेकवली आणि म्हणाला, “गनपतचा. पाय हलका ठेवला म्हंजे त्याले समजलं होतं.”

माय, बाबा, उस्ताद, गणपत, कोणीच आता नाही. घरात मी एकटी राहते. त्याच्या चपला दाराशी आहेत. चवड्याखाली भोकं पडली आहेत, टाचा नव्या आहेत.